पंधरा वर्षं बंद असलेला ट्यूनर-अ‍ॅम्प्लिफायर (रेडिओ आणि स्पीकर चालवणारा भाग एकत्र असलेला सेट) थेट प्लग लावून सुरू करावा का?

नको, आधी स्पीकर काढा आणि वीजपुरवठ्यात ६० ते १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये (म्हणजे सेटची वीज बल्बमधूनच जाईल असा) जोडून मगच चालू करा (एलईडी इथे कामाचा नाही). सेट वर्षानुवर्षं पडून राहिला की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला (हा वीज साठवणारा भाग) ऑक्साइडचा पातळ थर कमकुवत होतो. एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं तर विजेची गळती वाढून कपॅसिटर फुटू शकतो, आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला शक्ती देणारे भाग) आधीच शॉर्ट असले तर ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लखलखीत पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा. मात्र बल्ब मंदावला म्हणजे सेट निर्दोष, असं नाही: बल्ब काढून थेट पुरवठ्यावर स्पीकरच्या टर्मिनलवरचं डीसी व्होल्टेज मोजा, ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर लावा.