सिकलसेलच्या संशोधनासाठी पैसा कोणाकडे मागायचा?

प्रश्न : माझ्या भाचीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, थंडी पडली की हातपाय इतके दुखतात की पोरगी रात्रभर रडते. संशोधनाला सरकारी पैसा वाढवा म्हणून आमदारांना पत्र लिहून काही होते का?
– एक मामा, नागपूर

उत्तर : होते ना भाऊ, लिहाच! २०२३ मध्ये केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालं, ७ कोटी लोकांची तपासणी ठरली, चांगलंच आहे, पण तपासणी म्हणजे नवं औषध नाही नं. आयसीएमआर म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, तिचा पैसा दिल्लीतून येतो म्हणून खासदारांनाही लिहा, बजेटच्या आधीच. आमदार तर हिवाळी अधिवेशनाला आपल्याच गावात येतात, जाऊन भेटा. भाचीचं दुखणं एका पानात सांगा अन् मागणी एकच ठेवा, विदर्भातल्या मेडिकल कॉलेजांत सिकलसेलच्या संशोधनाला वेगळा निधी.