यीस्टच्या पेशीतली ऊर्जा आणि रेझव्हेरॅट्रॉल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेरॅट्रॉल २% ग्लुकोजच्या माध्यमात बेकर्स यीस्टला दिलं. वाढीत फरक पडला नाही. म्हणजे मायटोकॉन्ड्रियावर त्याचा परिणाम होत नाही?

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. भरपूर ग्लुकोज मिळालं की हे यीस्ट ऑक्सिजन असूनही किण्वनच करतं (साखरेचं इथेनॉल करून ऊर्जा मिळवतं) आणि श्वसनाची बरीच जनुकं दबलेली राहतात. त्यामुळे श्वसन बिघडलं तरी वाढीच्या आलेखात ते दिसत नाही. रात्रभर वाढवलेल्या पेशी धुऊन घ्या आणि २% ग्लुकोज व ३% ग्लिसरॉल अशा दोन माध्यमांत ०.१ ओडीपासून (ओडी म्हणजे ६०० नॅनोमीटरला मोजलेला गढूळपणा, पेशी किती आहेत त्याचा अंदाज) सुरू करा. ३०° से., मिनिटाला २०० फेरे, फ्लास्क एक पंचमांशच भरलेला. जास्त भरलात तर ऑक्सिजनच कमी पडेल. ग्लिसरॉलवर श्वसनाशिवाय वाढ नाही. फक्त तिथेच वाढ अडली, तर संशय श्वसनावर.

मग पेशी किती ऑक्सिजन वापरतात ते मोजणारा ऑक्सिजन इलेक्ट्रोड लावा. संयुगाने (रेझव्हेरॅट्रॉलने) ऑक्सिजनचा खप घटला असेल तर सीसीसीपी टाका. ते श्वसनाचा एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बनवण्याशी असलेला दुवा तोडतं. खप सीसीसीपी दिलेल्या कंट्रोलइतका (संयुग न दिलेल्या पेशींइतका) चढला, तर अडथळा एटीपी सिंथेजकडे (एटीपी बनवणाऱ्या एन्झाइमकडे) किंवा त्याचा कच्चा माल असलेलं एडीपी मायटोकॉन्ड्रियात येण्याच्या वाटेवर आहे. चढला नाही, तर तो इलेक्ट्रॉन साखळीत (ऑक्सिजनपर्यंत इलेक्ट्रॉन पोचवणाऱ्या प्रथिनांत) किंवा इंधनाच्या पुरवठ्यात शोधा. शेवटी ही साखळी बंद करणारं अँटिमायसिन ए देऊन उरलेला खप मोजा आणि वजा करा; तो श्वसनाचा नसतो. ही पायरी गाळू नका.

प्रश्न : संयुग इथेनॉलमध्ये विरघळवलं, तर वाढ उलट वाढली!

उत्तर : इथेनॉल हे यीस्टचं इंधन आहे. १% इथेनॉल म्हणजे लिटरमागे सुमारे ८ ग्रॅम खाद्य. डीएमएसओ हा दुसरा द्रावक वापरा, अंतिम प्रमाण ०.५% च्या आत, आणि कंट्रोलमध्येही तेवढंच. शिवाय रेझव्हेरॅट्रॉल पाण्यात फारसं विरघळत नाही. त्याचा साका ६०० नॅनोमीटरला प्रकाश विखुरतो आणि वाढीसारखा दिसतो. पेशी न घातलेलं, संयुग असलेलं माध्यम ब्लँक म्हणून (वजा करायचं मूळ वाचन म्हणून) ठेवा. शंका आली तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजा.

प्रश्न : ल्युसिफरेज किटने (एटीपी असेल तितका उजेड देणाऱ्या काजव्याच्या एन्झाइमने) एटीपी निम्म्यावर आलेलं दिसतं. विश्वास ठेवावा?

उत्तर : लगेच नको. रेझव्हेरॅट्रॉल काजव्याच्या ल्युसिफरेजलाच रोखतं. ठरावीक प्रमाणातलं शुद्ध एटीपी घ्या आणि संयुगासह व संयुगाशिवाय वाचा. तिथेही उजेड कमी पडला, तर ती घट किटमधली आहे.

प्रश्न : तुलनेसाठी रोटेनोन हे श्वसन रोखणारं विष दिलं, पण काहीच झालं नाही.

उत्तर : होणारही नाही. रोटेनोन इलेक्ट्रॉन साखळीतल्या कॉम्प्लेक्स १ ला रोखतं, आणि बेकर्स यीस्टमध्ये तो नसतो. त्याच्या जागी एनडीआय१ हे एन्झाइम काम करतं, आणि त्यावर रोटेनोन चालत नाही. तुलनेला अँटिमायसिन ए घ्या.