खेड्यातून आलेल्याला शहर नियोजनाचं पदव्युत्तर शिक्षण जड जातं का?

नाही, उलट आपल्याला बरंच आधीच माहीत असतं. मी भंडारा जिल्ह्यातला, सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात पाणी जिरवण्यावर तासभर स्लाइड्स चालतात. आमच्याकडे मालगुजारी तलावाची (जुन्या जमीनदारांच्या म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या सिंचन तलावाची) पाळ, सांडवा आणि खालच्या धानाच्या बांध्या (भाताची बांध घातलेली शेतं) पोरंही ओळखतात. नगरपालिका नसलेल्या गावाला जनगणनेत शहर ठरायला किमान ५,००० लोकसंख्या, चौरस किलोमीटरला ४०० माणसांची घनता आणि ७५ टक्के कामकरी पुरुष बिगरशेतीत लागतात. हे वाचलं तेव्हा कळलं, तालुक्याच्या गावाला लागून, शेताच्या धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) घरांच्या प्लॉटचे ले-आउट पडलेली गावं कागदावर खेडीच का राहतात. (नाली कुणी बांधायची, तो वेगळाच तमाशा.) फक्त जीआयएसनं (संगणकावर नकाशे आणि त्यांवरची माहिती हाताळायचं तंत्र) पहिलं सेमिस्टर घाम काढला. त्याचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, प्रवेशाआधीच हात बसवून घ्या.