'व्यस्त' म्हणजे नेमकं काय उलटं?

प्रश्न नागपूरच्या एका वाचकाचा आहे. गच्चीवरच्या सोलर पॅनलचा कोन काढताना साइनच्या डोक्यावरचं 'उणे एक' वापरावं लागलं. त्याला मराठीत 'व्यस्त' म्हणतात, तर मग ते कोसेकच (१ ÷ साइन) झालं ना?

नाही. घोळ शब्दाचा आहे. शाळेत ३ चा 'गुणाकार व्यस्त' १/३ असतो, तसा साइनचा गुणाकार व्यस्त कोसेक. पुढे अकरावी-बारावीत 'व्यस्त त्रिकोणमितीय फल' येतं, तिथे 'व्यस्त' म्हणजे क्रिया उलटी फिरवणं: गुणोत्तर देऊन कोन परत मागणं. साइन ३०° = १/२. त्याचा गुणाकार व्यस्त २, पण व्यस्त फलाचं उत्तर ३०°. हिंदी पुस्तकांत या दोन गोष्टींना 'व्युत्क्रम' आणि 'प्रतिलोम' असे वेगळे शब्द आहेत. मराठीने एकाच शब्दावर दोन्ही ओझी टाकली. (त्यात नागपुरात 'व्यस्त'चा हिंदी अर्थ 'कामात गुंतलेला' हाही कानावर पडतोच.)

आता पॅनल. नागपूरचा अक्षांश साधारण २१°, म्हणून कलही तेवढा ठेवतात. पॅनलची लांबी २ मीटर, मागची कड पुढच्या कडेपेक्षा ०.७२ मीटर वर. लांबी हा कर्ण, उंची ही संमुख बाजू, म्हणून साइन: ०.७२ ÷ २ = ०.३६. शिफ्ट, साइन, ०.३६: उत्तर २१.१°. १ ÷ ०.३६ केलं तर २.७८ मिळतं, तो कोन नव्हेच. ०.३६८ आलं तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियन या दुसऱ्या एककावर आहे. सगळ्यात फसवं २३.४, कारण ते खरं वाटतं. ते ग्रेडियनचं उत्तर, म्हणजे काटकोनाचे ९० ऐवजी १०० भाग करणाऱ्या एककाचं.

फीत पॅनलवर न धरता गच्चीच्या फरशीवर धरली तर १.८७ मीटर भरेल. ती लगतची बाजू, तिथे टॅनच लागतो. सवयीने साइन दाबलात तर सुमारे १.६ अंश जास्त येतील.

जुन्या गणितात हा गोंधळ नव्हता. साइनला तिथे 'ज्या' म्हणत, म्हणजे धनुष्याची दोरी; 'चाप' म्हणजे कमान. ज्येवरून चाप काढायचा, एवढंच. आजचं 'आर्कसाइन' तेच सांगतं. उणे एकची खूण जॉन हर्शेलने १८१३ मध्ये आणली. लिहिताना 'व्यस्त फल' किंवा 'गुणाकार व्यस्त' असं पूर्ण लिहा, नुसतं 'व्यस्त' नको.