शक्तिमान सुरू होत नाही? पंप खोलू नका, आधी एअर काढा

मालक, लिलावातला शक्तिमान घेतलात, मनापासून आनंद झाला. जर्मन एमएएन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला हा लष्करी ट्रक. त्याचा डिझेल पंप (इंजिनाला दाबाने डिझेल देणारा इंजेक्शन पंप) दणकट असतो, पण वर्षानुवर्षं उभं राहणं त्याला सोसत नाही.

आधी एवढंच बघा:

१. स्टॉपची केबल (इंजिन बंद करायची) सोडल्यावर पंपावरचा लिव्हर खरंच परत येतो का? तो अडकलेला असतो आणि लोक पंपाला दोष देतात.
२. टाकीतलं जुनं डिझेल काढा, फिल्टर नवा घाला.
३. एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपात अडकलेली हवा, काढा. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हँड प्रायमर (हाताने डिझेल ढकलणारा छोटा पंप) मारा; बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. मग तेच पंपावर. क्रम उलटा नको.

पुन्हा पुन्हा एअर धरत असेल तर टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) ही ओढणारी बाजू तपासा. इंजिन फिरताना तिथून डिझेल टपकत नाही, हवा आत जाते, म्हणून गळती दिसतच नाही. सोलापूरच्या उन्हात जुने रबरी पाइप तडकतात. तांब्याचे वॉशरही नवेच घाला.

नवशिक्यांची सगळ्यात महागडी चूक म्हणजे पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवणं. आतला दट्ट्या आणि त्याची नळी (प्लंजर-बॅरल) यांमधली फट काही मायक्रॉनचीच, धुळीचा कणही पुरतो. ते काम टेस्ट बेंचवरच (पंप तपासायच्या मशीनवर) होऊ द्या.

इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट कधीच नेऊ नका. डिझेल कातडीतून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

एअर काढून झाली की कळवा. टायमिंगचं (डिझेल नेमकं कधी फवारायचं त्याचं) नंतर बघू.