फिल्ममधला सोडियम बदलायचाय? आधी एवढंच कर

सेल्युलोजच्या नॅनोतंतूंची (अतिसूक्ष्म तंतूंची) पातळ फिल्म करून तिच्यातल्या सोडियम आयनांच्या जागी दुसऱ्या धातूचे आयन बसवायचे असतील, तर सुरुवात फक्त सोडियम आणि कॅल्शियमने कर. अ‍ॅल्युमिनियम, लोह नंतर. (लोहाने फिल्म पिवळट-तपकिरी होते, ती बिघडली असं समजू नकोस.) हातातल्या सेल्युलोजवर कार्बोक्सिलेट गट (धातूचे आयन धरणारे ऋणप्रभारित गट) किती आहेत ते आधी मोजून घे, तेच कमी असतील तर आयन धरणार कशाला?

नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे कॅल्शियम क्लोराइड थेट नॅनोतंतूंच्या पातळ मिश्रणात ओतणं. दोन धनप्रभारांचा आयन शेजारच्या तंतूंना एकमेकांशी बांधतो, लगेच जेल होतं, गुठळ्या पडतात आणि सपाट फिल्म विसरा. त्यापेक्षा सोडियमवाली फिल्म आधी पूर्ण वाळव, मग कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात भिजव. साध्या पाण्यात सोडियमवाली फुगून लिबलिबीत होते. कॅल्शियम बसलेली बरीच कमी फुगते. दोन तुकडे शेजारी ठेवून बघच.

पुढचं थोडक्यात:

- आयनमुक्त पाण्याने नीट धू, नाहीतर वाळल्यावर क्षाराचे पांढरे डाग.
- चाचणीआधी सगळ्या फिल्म एकाच आर्द्रतेत ठेव. २३ अंश सेल्सिअस, ५० टक्के हे नेहमीचं.
- कोरड्या फिल्मची ताकद फारशी बदलली नाही तर हिरमुसू नकोस. ओली करून ताण, फरक तिथे बघ.