हाउस म्युझिकमधलं ‘हाउस’: घर की वखार?

नाशिकरोडच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘स्नेहसंमेलनाचं निवेदन मराठीत करायचं आहे. एक मुलगा त्यात हाउस म्युझिक वाजवणार आहे. त्याला गृहसंगीत म्हणू का? आणि लिहू कसं, हाउस, हाऊस की हौस?’

गृहसंगीत नको. ऐकणाऱ्याला वास्तुशांतीचा कार्यक्रम वाटेल, आणि मुळात हाउस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या नावातलं हाउस म्हणजे घर नव्हेच. तो ‘वेअरहाउस’ या शब्दाचा मागे उरलेला तुकडा आहे. वेअरहाउस म्हणजे आपली वखार. सुरतेची, राजापूरची इंग्रजांची वखार आपण शाळेत शिकलो ती, आणि भुशाचा वास दुरूनच यायचा ती लाकडाचीही.

शिकागोत १९७७ साली रॉबर्ट विल्यम्स यांनी नाचाचा एक क्लब काढला. त्याचं नाव ‘द वेअरहाउस’. तिथे यायचे ते मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण. तबकड्या वाजवायला न्यूयॉर्कहून फ्रँकी नकल्स आले. तेव्हा डिस्कोचा द्वेष इतका वाढला होता की १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्याच बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोट घडवून उडवला गेला. नकल्स मात्र डिस्को वाजवत राहिले. टेप कापून-जोडून ते गाण्यातला नाचायचा भाग लांबवायचे. पुढे ड्रम मशीनचा ठेका खाली घालू लागले. क्लबमध्ये ऐकलेलं गाणं लोक दुसऱ्या दिवशी दुकानात शोधत जायचे. ‘इम्पोर्ट्स एट्सेट्रा’ नावाच्या दुकानाने अशा तबकड्यांवर ‘वेअरहाउसमध्ये वाजलेलं’ अशा अर्थाची पाटी लावली आणि त्या पाटीचंच पुढे नुसतं ‘हाउस’ झालं, असं सांगतात.

तुमचा ‘घर’ हा तर्क अगदीच निराधार नाही. पोरांनी घरी बसून, स्वस्तातल्या यंत्रांवर बनवलेलं म्हणून हाउस, अशीही एक व्युत्पत्ती प्रचलित आहे. यंत्रांचं खरं आहे. जपानच्या रोलंड कंपनीची ८०८ आणि ९०९ ही ड्रम मशीनं बाजारात फारशी चालली नाहीत, जुन्या बाजारात स्वस्त झाली आणि या मुलांच्या हाती आली. पण शब्दाचा माग काढताना मी आधी काळ बघते. घरी बनवलेल्या तबकड्यांपैकी अगदी सुरुवातीची म्हणून जिचं नाव घेतात, ती जेसी सॉन्डर्स यांची ‘ऑन अँड ऑन’, १९८४ सालची. नकल्स यांनी वेअरहाउस सोडलं ते १९८२ च्या अखेरीस. म्हणजे क्लबचा काळ आधीचा, घरच्या तबकड्या नंतरच्या. म्हणून माझा कौल वखारीला.

हा नाच-संगीताच्या नावांचा जुना स्वभावच दिसतो. हाउसची आई डिस्को, तीही जागेवरूनच आलेली: फ्रेंचमधल्या ‘दिस्कोतेक’चा अर्थ तबकड्यांचा संग्रह, ग्रंथालयाच्या धर्तीवर घडवलेला शब्द. न्यूयॉर्कच्या ‘पॅरडाइज गॅराज’ क्लबवरून ‘गॅराज’ हा आणखी एक प्रकार. आपल्याकडे बैठकीची लावणी आणि फडाची लावणी वेगळी ओळखतात ती याच न्यायाने, आणि आपला नाशिक ढोल तर अख्खं गाव नावात घेऊन फिरतो.

आता निवेदनात उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. टेबलावर उजव्या तळहाताने सारख्या अंतराने चार थापा द्या, मिनिटाला साधारण १२० या वेगाने. थाप पडत नाही त्या नेमक्या मधल्या जागी डाव्या हाताच्या बोटाने टिचकी मारा. दुसऱ्या आणि चौथ्या थापेला शेजारणीला टाळी वाजवायला सांगा. झाला हाउसचा ठेका. थाप म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, टिचकी म्हणजे झांजेचा ‘त्स’. केरवा या आपल्या आठ मात्रांच्या तालात पाचव्या मात्रेवर ‘खाली’, म्हणजे भर न देता हलकी सोडलेली मात्रा, असते. इथे खालीच नाही, चारही मात्रा भरीव. म्हणून अंगात लय भिनायला वेळ लागत नाही, आणि म्हणूनच झांजेची ती मधली टिचकी महत्त्वाची. ती काढा, उरेल नुसतं कुटणं.

लेखनाचं म्हणाल तर हौस नको. उच्चाराने ते इंग्रजीच्या जवळ आहे आणि ‘हौसिंग सोसायटी’त आपण तसं लिहितोही, पण सुटा शब्द दिसला की डोळ्यापुढे अरबी ‘हवस’वरून आलेली आपली हौस येणार, आणि हौसेचं संगीत म्हणजे वेगळंच काही. हाऊस हे पाऊस-देऊळच्या चालीवर बसतं आणि खूप जण तसं लिहितात. परका शब्द परका दिसावा म्हणून मी हाउस लिहिते. एक काहीतरी धरा आणि निवेदनभर तेच ठेवा.

‘वखारसंगीत’ असा शब्द पाडायचा मोह मलाही झाला. पण नाशिक ढोल परमुलखात गेला तरी नाशिक ढोलच राहतो, तसं हाउसला हाउसच राहू द्या आणि वखार वाक्यात आणा: ‘आता ऐकू या हाउस, शिकागोच्या एका वखारीचं नाव लावणारं नाचाचं संगीत.’